मंगलाजोडीचे पाहुणे

ओडिशातील चिल्का सरोवराच्या उत्तर काठावर मंगलाजोडी नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. भुवनेश्वरहून चेन्नईच्या दिशेने जाणाऱ्या महामार्गावर टांगी लागते आणि तेथून सरोवराकडे वळले की थोड्याच वेळात हे गाव येते. भुवनेश्वरपासूनचे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. गावात शिरताना डांबर फासलेल्या लाकडी होड्या आणि वाळत घातलेली जाळी दिसतात. वस्ती संपली की पाणथळीत शिरणारा मातीचा लांब बांध सुरू होतो. या बांधावरूनच होडीत बसायचे असते. होडीला इंजिन नाही. मागे उभा असलेला नावाडी बांबूच्या लांब काठीने तळ रेटतो आणि होडी नळगवतातून काढलेल्या अरुंद वाटेने पुढे सरकते. पुढे बसलेल्या मार्गदर्शकाच्या गळ्यात दुर्बीण असते आणि मांडीवर पक्ष्यांच्या चित्रांचे पुस्तक. बहुतेक वेळा त्याला दोन्हींची गरज पडत नाही. आवाज ऐकूनच तो बोट दाखवतो आणि दाखवलेल्या जागी पक्षी असतो.

येथे प्रथमच आलेल्या प्रवाशाला एका गोष्टीचे सर्वाधिक नवल वाटते. होडी जवळ आली तरी पक्षी उडत नाहीत. लांब, सरळ चोचीचे गॉडविट शेकड्यांच्या थव्याने चिखलात चोची खुपसून उभे असतात. होडी आठ-दहा हातांवरून गेली तरी एखादाच मान वर करून पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो. इतर कित्येक जलाशयांवर मनुष्याची नुसती चाहूल लागली तरी बदकांचा थवा क्षितिजाकडे जातो. मंगलाजोडीच्या पक्ष्यांची ही निर्धास्तता जन्मजात नाही. गावाने ती कमावली आहे, आणि तीही ज्यांच्या हातून पक्षी सर्वाधिक मारले गेले त्यांनीच. मार्गदर्शकाला आवाजावरून पक्षी ओळखता येतो, कारण त्याने किंवा त्याच्या वडिलांनी हे ज्ञान शिकारीसाठी मिळवले होते.

ही हकीकत समजण्यासाठी आधी चिल्का समजून घ्यावे लागते. खाऱ्या-गोड्या मिश्र पाण्याचे हे भारतातील सर्वांत मोठे सरोवर. उन्हाळ्यात त्याचा विस्तार सुमारे नऊशे चौरस किलोमीटर असतो, तर पावसाळ्यात तो साडेअकराशेच्या पुढे जातो. पूर्वेला वाळूच्या एका लांब पट्ट्याने ते बंगालच्या उपसागरापासून वेगळे झाले आहे. उत्तरेकडून दया, भार्गवी इत्यादी महानदीच्या शाखा त्यात गोडे पाणी आणि गाळ आणून टाकतात. त्यामुळे एकाच सरोवरात दक्षिणेला खारे, मध्ये मचूळ आणि उत्तरेला जवळजवळ गोडे अशी पाण्याची वेगवेगळी रूपे आढळतात. मंगलाजोडी या उत्तर भागात मोडते. येथे पाणी उथळ, चिखल मऊ, नळ आणि लव्हाळा दाट. पाण्यात शेवाळ, कमळाची पाने, गोगलगायी, किडे आणि लहान मासे विपुल. हजारो मैलांचा प्रवास करून थकलेल्या पक्ष्याला याहून चांगली भोजनशाळा मिळणे कठीण. सायबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया आणि लडाख अशा दूरदूरच्या प्रदेशांतून पक्षी ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि मार्चपर्यंत राहतात. दरवर्षी जानेवारीत संपूर्ण चिल्का सरोवरावर पक्षीगणना होते. अलीकडच्या वर्षांत ती संख्या सातत्याने दहा लाखांच्या पुढे गेली आहे. १९८१ साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत भारतातील जी पहिली दोन ठिकाणे समाविष्ट झाली, त्यांपैकी एक राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव आणि दुसरे चिल्का.

एवढी कीर्ती असूनही गेल्या शतकाच्या अखेरीस मंगलाजोडीची ओळख निराळीच होती. आसपासच्या मुलखात ते शिकाऱ्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार निषिद्ध झाली होती, परंतु दलदलीत पहाटेच्या अंधारात कायदा पोहोचत नव्हता. जाळी लावली जात, फास मांडले जात, गावठी बंदुका वाजत. सर्वांत भयंकर प्रकार विषाचा होता. शेतात वापरायचे कीटकनाशक पक्ष्यांच्या खाद्यात मिसळून उथळ पाण्यात टाकले जाई आणि सकाळी मेलेली बदके गोळा केली जात. जे विष पक्षी मारते ते त्याच्या मांसातून खाणाऱ्याच्या पोटातही जाते, याची फिकीर विकणाऱ्याला नव्हती आणि घेणाऱ्याला माहिती नव्हती. घरट्यांतील अंडीही सुटत नसत. माल महामार्गावरच्या खाणावळींत आणि शहरातील बाजारात खपत असे. हिवाळा हा या धंद्याचा हंगाम होता. पक्ष्यांची संख्या घटत घटत पाच हजारांवर आली होती, असे या गावाबद्दलच्या बहुतेक वृत्तांतांत सांगितले जाते.

गावकरी क्रूर होते असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. त्याच काळात चिल्का सरोवर स्वतःच आजारी पडले होते. गाळ साचून समुद्राकडचे मुख अरुंद झाले होते, खारे पाणी आत येईनासे झाले होते आणि पाणवनस्पती फोफावल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला आठ हजार टनांच्या पुढे असलेले मत्स्योत्पादन १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन हजार टनांच्याही खाली उतरले. त्यातच कोळंबीच्या निर्यातीला भाव आला आणि धनिकांनी सरोवराच्या काठाकाठाने ‘घेरी’ नावाचे बंदिस्त बांध घातले. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांचे पाणी त्यामुळे आक्रसले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिल्कापासून एक हजार मीटरच्या आत कोळंबीपालनाला मनाई केली, तरी संघर्ष थांबला नाही. मे १९९९ मध्ये सोराणा गावी पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा बळी गेला. १९९३ मध्येच रामसरच्या धोकाग्रस्त स्थळांच्या नोंदवहीत चिल्काचे नाव चढले होते. ज्या घराचा मुख्य धंदा अशा रीतीने बुडत होता, त्या घराला हिवाळ्यात आयते दारात उतरणारे बदक म्हणजे काय वाटले असेल, हे व्यापारी कुटुंबातील वाचकाला वेगळे सांगायला नको.

बदलाची सुरुवात १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाली. ‘वाइल्ड ओडिशा’ या संस्थेचे नंदकिशोर भुजबळ मंगलाजोडीत येऊ लागले आणि शिकाऱ्यांशी बोलू लागले. (आडनाव मराठी कानांना ओळखीचे वाटले तरी गृहस्थ ओडिशाचेच.) बाहेरचा माणूस येऊन रोजगारावर बोट ठेवतो म्हटल्यावर प्रारंभी त्यांचे स्वागत झाले नाही, यात आश्चर्य नाही. परंतु ते पुन्हा पुन्हा येत राहिले. काही नामांकित शिकाऱ्यांनीच हळूहळू त्यांचे म्हणणे मानले आणि पक्षी न मारण्याची शपथ घेतली. २००० साली गावकऱ्यांची ‘श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती’ स्थापन झाली. हे नाव वाचून जैन वाचकाच्या मनात एक विशेष भाव उमटेल. मात्र ओडिशात ‘महावीर’ म्हणजे सामान्यतः हनुमान, हे ध्यानात ठेवलेले बरे. समितीचे काम साधे होते आणि कष्टाचेही. रात्री-पहाटे होडीने गस्त घालायची, जाळी-फास उचलायचे, शिकार करणाऱ्याला समजवायचे आणि न ऐकल्यास वनखात्याच्या हवाली करायचे. ज्याला सगळ्या चोरवाटा ठाऊक आहेत असा पहारेकरी मिळाल्यावर चोरट्यांची अडचण झाली.

येथे थोडे थांबून एका हिशेबाकडे पाहणे आवश्यक आहे. निसर्ग पर्यटनावरील लेखांत एक वाक्य हमखास येते: मेलेला पक्षी एकदाच विकला जातो, जिवंत पक्षी दरवर्षी उत्पन्न देतो. मुद्दल मोडून खाऊ नये, व्याजावर जगावे, हे व्यापारी घरात मुलाला पाटीवर अक्षरे गिरवतानाच कळते, तेव्हा हा युक्तिवाद पटायला वेळ लागत नाही. तरी तो अपुरा आहे. २००० साली मंगलाजोडीत पर्यटक जवळजवळ नव्हतेच. मारलेल्या बदकाचे पैसे त्याच दिवशी मिळत होते आणि न मारलेल्या बदकाचे पैसे कधी मिळतील, मिळतील की नाही, हे सांगणारा कोणी नव्हता. अशा वेळी ज्यांनी जाळी गुंडाळली त्यांनी व्याजाच्या आशेवर तसे केले असे म्हणता येत नाही. कित्येक वर्षे त्यांनी विनावेतन किंवा नाममात्र मोबदल्यावर पहारा केला आणि भावकीतील माणसांचा रोष पत्करला.

दुसरी अडचण याहून मोठी. पक्षी कोणाच्या मालकीचा नसतो. एका शिकाऱ्याने संयम पाळला तर त्याचा वाटा दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. दुकानातील मालाला मालक असतो, म्हणून तो राखला जातो; दलदलीतल्या बदकाचे तसे नाही. सर्व गावाने एकत्र थांबायचे किंवा कोणीच थांबायचे नाही, असे हे कोडे आहे. बचत गटांच्या कर्जात एका सभासदाचा हप्ता थकला की साऱ्या गटाची पत जाते आणि म्हणून शेजारीच शेजाऱ्याला आठवण करून देतो. मंगलाजोडीच्या समितीने नेमके हेच साधले. पोलिसाला चुकवणे शक्य असते; ज्याच्या ओसरीवरून रोज जायचे त्या माणसाला चुकवणे कठीण असते.

उत्पन्न नंतर आले. २०१० च्या सुमारास ‘इंडियन ग्रामीण सर्व्हिसेस’ ही संस्था आणि ‘आरबीएस फाउंडेशन इंडिया’ यांच्या साहाय्याने गावकऱ्यांचा ‘मंगलाजोडी इकोटुरिझम ट्रस्ट’ आकाराला आला. राहण्यासाठी साध्या खोल्या बांधल्या गेल्या, नावाडी आणि मार्गदर्शक यांना प्रशिक्षण मिळाले, होडीचे दर ठरले, स्वयंपाकात आणि व्यवस्थेत गावातील माणसांना काम मिळाले. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने या प्रयत्नाचा गौरव केला. इकडे सरोवराचे आरोग्यही सुधारले होते. चिल्का विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदले, खाऱ्या पाण्याची ये-जा पुन्हा सुरू झाली आणि २००१-०२ पर्यंत मत्स्योत्पादन दहा हजार टनांच्या पुढे गेले. २००२ मध्ये धोकाग्रस्त नोंदवहीतून चिल्काचे नाव वगळले गेले. मंगलाजोडीच्या यशाची कथा सांगताना या खोदकामाचा उल्लेख क्वचितच होतो, तो व्हायला हवा. उपाशी गावाला शपथ पाळणे फार अवघड जाते.

आता पाहुण्यांविषयी, म्हणजे पंख असलेल्या पाहुण्यांविषयी. गॉडविटांचा उल्लेख वर आलाच. त्यांच्या चोचीचे टोक इतके संवेदनशील असते की चिखलाच्या पोटातील किडा न पाहता केवळ स्पर्शाने सापडतो. त्यांच्या शेजारी शेकाटे आपले लांबलचक गुलाबी पाय उचलत संथपणे फिरताना दिसतात. तलवार बदकांच्या नरांची टोकदार शेपटी उडताना ठळक दिसते. थापट्या बदकाची चोच पुढे पसरट, फावड्यासारखी असते आणि तिने तो पाणी गाळत जातो. केशरी-तपकिरी रंगाचे चक्रवाक जोडीने दिसतात. संस्कृत काव्यात रात्री एकमेकांपासून दुरावणारी जी जोडी येते ती हीच. लडाख आणि तिबेटच्या थंड पठारांवर पिल्ले वाढवून ते हिवाळ्यात येथे उतरतात.

पाहुण्यांबरोबर घरचेही आहेत. जांभळी पाणकोंबडी येथे इतकी आहे की दुसऱ्या दिवशी प्रवासी तिच्याकडे बघेनासा होतो; पण एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या बोटांत लव्हाळ्याचा देठ धरून ती सोलून खाते, ते दृश्य अवश्य थांबून पाहावे. कमळपक्षी लांब बोटांच्या आधारे पाण्यावरच्या पानांवरून चालत जातो. त्याच्या संसारात अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नराकडे असते, आणि मादी दुसरा संसार मांडायला मोकळी! मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही मध्ये फट राहते. गोगलगायी खाण्याच्या त्याच्या कामाला ही चोच उपयोगी पडते. मोर शराटीचा काळपट दिसणारा रंग ऊन पडले की हिरवा-जांभळा झळकतो. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत स्थिर राहतो आणि दगड पडावा तसा खाली येतो. मधूनच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी नळाच्या शेंड्यांवरून तरंगत येतो, आणि होडीला न भिणारे हजारो पक्षी एका क्षणात आकाशात उठतात. तो आवाज दूरवरच्या पावसाच्या सरीसारखा असतो. भोवत्या निघून गेला की सारे पुन्हा आपापल्या जागी. कोणाला भ्यायचे याचे त्यांचे गणित पक्के आहे.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे संशोधक चिल्का परिसरात अनेक वर्षे पक्ष्यांच्या पायांत क्रमांक असलेली कडी घालून त्यांच्या प्रवासाचा मागोवा घेत आले आहेत. या कामातूनच पक्ष्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटा कळत जातात.

मंगलाजोडीत सर्व काही आलबेल आहे असे मात्र नाही. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, त्यातही खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत. उरलेले महिने मासेमारी, होडीबांधणी किंवा मोलमजुरी यांवर काढावे लागतात. वादळे येतात. २०१३ चे फायलिन आणि २०१९ चे फनी या दोन्ही चक्रीवादळांनी या किनाऱ्याला झोडपले. २०२० च्या साथीत पर्यटनच थांबले. तरी २०२१ च्या जानेवारीतील गणनेत चिल्का सरोवरावर बारा लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले. चोरटी शिकारही समूळ संपलेली नाही; हिवाळ्यात चिल्काच्या काठी कोणी मारलेल्या पक्ष्यांसह पकडला गेल्याच्या बातम्या अजूनही येतात. मारलेल्या पक्ष्याला गिऱ्हाईक आहे तोवर त्या येत राहतील.

आणि काही त्रास पर्यटकच देतात. मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेऊन आलेले गृहस्थ नावाड्याला आणखी जवळ, आणखी जवळ म्हणून गळ घालतात. उडत्या थव्याचे छायाचित्र हवे म्हणून टाळ्या वाजवणारेही आढळतात. थव्याने घाबरून घेतलेले प्रत्येक उड्डाण त्याच्या अंगावरची चरबी खर्च करते, आणि हीच चरबी मार्चमधील परतीच्या प्रवासाची शिदोरी असते. नावाड्याच्या हातावर पन्नास-शंभर रुपये जास्त ठेवून त्याच्याकडून नियम मोडून घेणे म्हणजे वीस वर्षांपूर्वी जे पैसे देऊन बदक मारून घेत होते त्यांच्याच वाटेने चालणे. गावाने मोठ्या कष्टाने बसवलेली घडी मोडते ती अशाच लहान रकमांनी.

जैन कुटुंबांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी मोकळेपणाने सांगायला हव्यात. पहिली, दाणे टाकण्याची. पक्ष्यांना धान्य घालणे हा आपल्या घरांतील जुना संस्कार आहे आणि अंगणातल्या चिमण्या-पारव्यांपुरते त्याबद्दल वेगळे बोलता येईल. पाणथळीवरच्या पक्ष्यांना गाठी, शेव, फरसाण टाकण्याची जी प्रथा नद्यांच्या घाटांवर सुरू झाली आहे, ती मात्र दयेच्या नावाखाली चाललेला अपकार आहे. तळलेले, खारट बेसन हे कुरव पक्ष्याचे अन्न नव्हे. त्याने पोट भरते, पोषण होत नाही आणि पक्षी माणसाच्या हाताकडे पाहायला शिकतो. मंगलाजोडीत पक्ष्याला काहीही घालायचे नाही. त्याचे ताट चिखलात मांडलेले आहे.

दुसरी, सोडवण्याची. कोठेही पिंजऱ्यातला पक्षी विकायला आला की पैसे देऊन तो मुक्त करावा असे कोणाही सहृदय माणसाला वाटते. परंतु विकणाऱ्याच्या वहीत ती निव्वळ विक्री असते. गिऱ्हाइकाने पक्षी शिजवला की सोडला, याची नोंद तेथे होत नाही; खप झाला एवढेच कळते आणि उद्या आणखी दोन पक्षी पकडून आणले जातात. मागणी आहे तोपर्यंत पुरवठा थांबत नाही, हे ज्यांना दुकानात रोज दिसते त्यांना येथेही दिसायला हवे. अशा ठिकाणी पैसे न देता वनखात्याला कळवावे. तोच पैसा मंगलाजोडीच्या होडीभाड्यात, खोलीत आणि मार्गदर्शकाच्या मानधनात गेला, तर एकही पिंजरा न उघडता कितीतरी अधिक पक्षी वाचतात.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. मंगलाजोडी मच्छीमारांचे गाव आहे आणि मच्छीमारांचेच राहणार आहे. ज्या पहाटे प्रवासी गॉडविट पाहायला निघतो, त्याच पहाटे शेजारच्या वाटेने जाळी घेऊन होड्या निघतात. पक्षी वाचवला मग मासा का नाही, असा प्रश्न मुलांकडून येईल आणि तो टाळू नये. मात्र नावाड्यापुढे त्यावर प्रवचन देणेही योग्य नाही. ज्या माणसाने बाहेरच्या कोणाच्या सांगण्यावरून, दुसरे उत्पन्न हाती नसताना, घरात चालत आलेली शिकार सोडली, त्याला त्यागाचा पाठ देण्याचा अधिकार दोन दिवसांच्या प्रवाशाला नसतो. त्याने काय सोडले आणि ते सोडताना घर कसे चालवले, हे त्यालाच विचारावे; मोडक्या हिंदीत का होईना, तो मोकळेपणाने सांगतो. दुर्बिणीतून दिसलेल्या पक्ष्यांची नावे मुले महिन्याभरात विसरतील. हे उत्तर विसरणे कठीण जाईल.

प्रवासाची व्यवस्था अवघड नाही. मुंबई, पुणे आणि सोलापूर या मार्गाने भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस रोज आहे. विमानाची सोयही आहे. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरी-खंडगिरी लेण्यांच्या दर्शनाला अनेक कुटुंबे जातातच. सम्राट खारवेलाच्या हाथीगुंफा शिलालेखाची सुरुवात अरिहंत आणि सिद्ध यांच्या वंदनेने होते, हे वाचकांना ठाऊक आहे. त्या यात्रेला एक दिवस आणि एक रात्र जोडली तर मंगलाजोडी नीट पाहून होते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शक्यतो शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळावी. खोली आणि होडी आधी ठरवावी, भाडे गावाच्या संस्थेकडे भरून पावती घ्यावी आणि शहरातल्या मध्यस्थामार्फत जाण्याचे कारण नाही. त्याचे कमिशन गावाच्या वाट्यातूनच जाते. मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली आणि साधी दुर्बीण बरोबर असावी. होडीत प्लास्टिकची पिशवी उघडायची नाही आणि भ्रमणध्वनी मुका ठेवायचा.

जेवणाविषयी आधीच स्पष्ट सांगावे. तेथील नेहमीच्या स्वयंपाकात मासे असतात, म्हणून शाकाहारी भोजन, कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तेही, नोंदणी करतानाच कळवलेले चांगले. भात, डालमा आणि भाजी हे जेवण तेथे सहज होते. कंदमुळे न खाणाऱ्यांनी डालम्यातील बटाट्याची आठवण ठेवावी. होडीच्या फेऱ्यांसाठी सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास सर्वांत चांगले. संध्याकाळची फेरी अंधार पडता पडता काठाला लागते. चौविहार पाळणाऱ्यांनी त्यामुळे पहाटेचीच होडी घ्यावी. थंडी थोडी जास्त वाजेल, पण नळगवतावरचे धुके विरळ होताना गॉडविटांचा थवा दिसतो तो त्याच वेळी.